मूठभर तांदूळ ते वेतनश्रेणी
(गोव्यातील शिक्षक व शिक्षकेतर वर्गाच्या पगाराची कथा)



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव या व्याख्यानात मी वारंवार उच्चारणार नाही. या गावात नुसते 'गुरुजी' म्हटले की कोणते गुरुजी हे सांगावे लागत नाही. त्यांच्या आठवणी सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपणांपैकी अनेकांना अधिक आहे. मी त्यांचा विद्यार्थी खरा; परंतु माझे पुढील आयुष्य वर्गात गेले नाही, ते कचेरीत गेले. वेतनपत्रके तयार करणे, वेतननिश्चिती करणे, थकबाकीचे हिशेब जुळविणे आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे पुढे पाठविणे हे माझे काम. तेव्हा बोलावयाचे तर ज्यातले थोडेफार कळते त्यावरच बोलावे, असे ठरवून आजचा विषय निवडला आहे.

स्मृतिव्याख्यानात पगाराचा विषय काढणे अनेकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. शिक्षकाविषयी बोलताना आपण त्याग, निष्ठा, संस्कार हे शब्द वापरतो. पगार हा शब्द दबक्या आवाजात उच्चारतो. परंतु समाज शिक्षकाला काय मानतो हे त्याच्या सत्काराच्या शालीवरून कळत नाही. त्याचे वेतन कोण देतो, कशातून देतो, केव्हा देतो आणि म्हातारपणी देतो की नाही, यावरून ते अधिक स्पष्ट कळते. त्या दृष्टीने वेतनाचा इतिहास हा समाजाच्या अंतःकरणाचा इतिहास आहे, असे मी मानतो.

१. दारूवरचा कर आणि ओसरीवरची शाळा

शिक्षकांचे वेतन सरकारने द्यावे हा विचार पोर्तुगीज राज्यात फार जुना आहे. पोर्तुगालचा प्रधान मार्केस द पोंबाल याने जेझुइटांना १७५९ मध्ये राज्यातून घालवून दिले. त्यांच्या शाळा बंद पडल्यावर नवे शिक्षक नेमावे लागले आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठी १७७२ च्या नोव्हेंबरात एक कायदा करून 'सुब्सिदियु लितरारियु', म्हणजे विद्येसाठीचा कर, बसविण्यात आला. पोर्तुगालमध्ये तो द्राक्षमद्यावर होता. आशियातील वसाहतींसाठी मात्र तेथे गाळल्या जाणाऱ्या दारूवर दर मापामागे आकारणी ठरविण्यात आली. मुलांनी अक्षरे गिरवावीत म्हणून वडीलधाऱ्यांनी प्यालेल्या दारूवर कर! यातील विनोद बाजूला ठेवला, तरी एक तत्त्व त्यात दिसते. शिक्षकाचा पगार ही पालकाची मर्जी नव्हे, ती राज्याची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचे स्वतंत्र साधन राखून ठेवले पाहिजे.

त्या वेळी आपला पेडणे महाल पोर्तुगीजांकडे नव्हता. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ मध्ये त्यांच्या ताब्यात गेला. डिचोली व सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. या सर्व मुलखाला 'नव्या काबिजादी' म्हणत. जुन्या काबिजादींत चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळा होत्या आणि तेथील मास्तरांचा खर्च गावच्या कोमुनिदादींच्या उत्पन्नातून भागविला जाई. नव्या काबिजादींतील हिंदू वस्तीला त्यांचा फारसा उपयोग नव्हता. येथे शाळा होती ती शेणैमामाची किंवा पंतोजीची. देवळाच्या अग्रशाळेत, एखाद्या जाणत्या घराच्या ओसरीवर, पाटीवर किंवा धुळीत अक्षरे काढून मुले शिकत. मोडी वाचणे, पावकी-निमकीचे पाढे म्हणणे आणि हिशेब लिहिणे एवढे आले की शिक्षण पुरे झाले असे समजत.

या मास्तराचा पगार कोण देई? ज्याची मुले, तो देई. सुगीला भाताचे काही कुडव, चवथीला नारळ, दसऱ्याला धोतरजोडी, आणि पाळीपाळीने एकेका घरी जेवण. रोख रक्कम थोडी आणि तीही अनियमित. या व्यवस्थेत जिव्हाळा होता हे खरे. मास्तर कोणाच्या पंक्तीला कोणत्या दिवशी आहे हे सर्व गावाला ठाऊक असे. परंतु जिव्हाळ्याची दुसरी बाजूही होती. पीक बुडाले की मास्तरही बुडे. ज्याच्या घरी जेवावयाचे, त्याच्या मुलाला शिक्षा करताना हात आखडे. ज्याच्याकडे भात नाही, त्याचे मूल ओसरीवर येतच नसे; आणि काही मुलांना तर त्या ओसरीची पायरी चढण्याचीच मुभा नव्हती. गोड आठवणी सांगताना या कडू गोष्टी आपण गाळतो. हिशेबनीसाला मात्र तसे करता येत नाही.

२. मुष्टी आणि पंचाहत्तर रुपये

विसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवस्थेला संस्थेचे रूप येऊ लागले. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ च्या सुमारास उभी राहिली. तिच्या नावातच तिचा इतिहास आहे. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरच्या गृहिणीने एक मूठ बाजूला टाकावी आणि ते तांदूळ गोळा करून त्यांतून शाळा चालवावी, अशी ती कल्पना होती. त्याच सुमारास महाराष्ट्रात प्रत्येकाकडून एक पैसा घेऊन देशी उद्योग उभे करण्यासाठी पैसाफंड निघाला होता; आपल्याकडे पैसा दुर्मिळ, म्हणून मूठ आली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, हिंदूंवरील बंधने सैल झाली, आणि पुढच्याच वर्षी फोंड्याला गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. ओसरीवरील शाळा हळूहळू इमारतीत आली.

या संस्थांचा आदर्श पुण्याकडे होता. तेथे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर ठरावीक वर्षे काम करण्याचे व्रत घेतले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याचे वचन दिले होते, हे आपण त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच संस्थेतून लोकमान्य टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, त्या वादात मतभेदांची इतर कारणे होती तशी पैशाचीही होती, हे आपण क्वचितच सांगतो. सर्वांना सारखे वेतन असावे काय, एखाद्याच्या प्रपंचाची गरज अधिक असल्यास त्याला अधिक द्यावे काय, आजीव सभासदाने बाहेरून मिळकत करावी काय, हे प्रश्न त्या थोर माणसांमध्येही तीव्र झाले. जे प्रश्न टिळक-आगरकरांना सोडविता आले नाहीत, ते आपल्या शिक्षक-खोलीत अधूनमधून डोके वर काढतात यात नवल नाही.

३. मुक्तीची पहाट आणि दोन मास्तर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी आपल्या तालुक्यात दोन प्रकारचे मास्तर होते.

एक पोर्तुगीज सरकारी शाळेचा मास्तर. त्याची नेमणूक कागदावर होती. पोर्तुगीज वसाहतींत सरकारी नोकरांचे दर्जे रोमन अक्षरांनी दाखवीत. 'आ' अक्षर सर्वांत वरचे आणि तेथून खाली उतरत जावयाचे. अमुक पदाला अमुक अक्षर आणि त्या अक्षराला अमुक पगार. १९५९ पासून हा पगार रुपियाऐवजी इश्कुदांत मिळू लागला होता. एका रुपियाचे सहा इश्कुद. मुक्तीनंतर हे सर्व भारतीय रुपयांत आले. या नोकरांचे काय करावयाचे यासाठी संसदेने १९६५ मध्ये खास कायदा केला. त्यांना 'अॅब्सॉर्ब्ड एम्प्लॉयी', म्हणजे सामावून घेतलेले कर्मचारी, म्हणत. राज्य बदलले, झेंडा बदलला. पण त्यांची मागील नोकरी पुसली गेली नाही.

दुसरा मास्तर खाजगी मराठी शाळेचा. आपले गुरुजी त्यांपैकी एक. १९५३ पासून ते या गावात मुलांना शिकवीत होते. त्यांच्याजवळ नेमणुकीचा कागद नव्हता. एक लांबट वही होती. तीत घरांची नावे आणि पुढे भात, नारळ, रोख अशी नोंद. कित्येक नावांपुढे नुसती रेघ. ती रेघ म्हणजे त्या घरातून यंदा काही आले नाही, परंतु मूल शाळेत येते आहे.

१९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. शिक्षक हवे होते. खाजगी शाळांत शिकविणारे, सीमेपलीकडून आलेले, नुकतेच शिक्षण संपविलेले, असे अनेकजण सरकारी सेवेत आले. गुरुजीही १९६३ मध्ये सरकारी शिक्षक झाले. पहिल्या महिन्याचा रोख पगार हातात आला तेव्हा पाळीच्या जेवणाचे काय करावे हा त्यांना प्रश्न पडला, असे ते हसून सांगत. आता पगार मिळतो म्हणून जेवावयास जाणे बरे नव्हे. आणि न जावे तर ती घरे दुखावतात. शेवटी ते सणावारीच जाऊ लागले.

४. शिडीची रचना

सरकारी पगार म्हणजे काय, हे येथील तरुण श्रोत्यांसाठी थोडे उलगडून सांगितले पाहिजे.

पगार हा आकडा नसतो, ती शिडी असते. १९७३ च्या सुधारणेत महाविद्यालयीन अधिव्याख्यात्याची वेतनश्रेणी ७००-४०-११००-५०-१६०० अशी होती. याचा अर्थ, आरंभ सातशेवर; दरवर्षी चाळीस रुपयांची वाढ; अकराशेवर पोहोचल्यावर पन्नासांची; आणि सोळाशेवर शिडी संपली. मध्ये काही ठिकाणी 'ई. बी.' म्हणजे दक्षतारोध असे. त्या पायरीवर वरिष्ठांनी कामाविषयी समाधान नोंदविल्याखेरीज पुढची वाढ सुटत नसे. किती माणसांची मने या दोन अक्षरांपाशी अडकून पडली, हे मी पाहिले आहे.

या मूळ पगारावर महागाई भत्ता. दुसऱ्या महायुद्धात धान्य महागले तेव्हा कमी पगाराच्या नोकरांना तात्पुरता आधार म्हणून तो सुरू झाला. युद्ध संपले, महागाई राहिली आणि भत्ताही राहिला. आता ग्राहक किंमत निर्देशांकाच्या हिशेबाने जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा तो ठरतो. भत्ता फुगत गेला की मूळ पगार क्षुल्लक वाटू लागतो. मग वेतन आयोग बसतो आणि शिडी नव्याने बांधली जाते. केंद्राच्या पहिल्या आयोगाने १९४७ मध्ये किमान वेतन भत्त्यासह ५५ रुपये ठरविले. चौथ्या आयोगाने १९८६ पासून ते ७५० केले, पाचव्यानंतर १९९६ पासून २,५५०, सहाव्यानंतर २००६ पासून ७,००० आणि सातव्यानंतर २०१६ पासून १८,००० झाले. गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, म्हणून केंद्राचीच वेतनमाने येथे रूढ झाली आणि घटकराज्य झाल्यावरही तीच परंपरा चालू राहिली.

खाजगी पण अनुदानित शाळांचे काय? १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम यांनी त्यांना चौकट दिली. मान्य पदांच्या वेतनाचा भार सरकारने अनुदानरूपाने उचलावयाचा, आणि त्या शिक्षकांना सरकारी शाळेतील समकक्ष शिक्षकांच्या तोडीचे वेतन मिळावयाचे. ही साधी गोष्ट नव्हे. त्याआधीच्या काळात, ज्या संस्थेचे नाव मी घेणार नाही अशा एका ठिकाणी, एका रकमेवर सही करून दुसरीच रक्कम हातात घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. उरलेली रक्कम संस्थेला 'देणगी' म्हणून जाई. वेतन थेट बँकेत जमा होऊ लागल्यावर त्या सहीला अर्थ आला.

अनुदानाचा पैसा केवळ पोट भरीत नाही, तो भाषेचेही भवितव्य ठरवितो. १९९० मध्ये प्राथमिक स्तरावर कोकणी किंवा मराठी माध्यमाच्याच शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा चर्चच्या अनेक इंग्रजी प्राथमिक शाळा कोकणी माध्यमाकडे वळल्या. पुढे २०११-१२ पासून इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांनाही अनुदान सुरू झाले आणि वाद पुन्हा पेटला. त्या वादात कोणाची बाजू खरी हे सांगणे आजचा विषय नव्हे. माध्यमाचा लढा व्यासपीठावर संस्कृतीच्या भाषेत लढला गेला, पण त्याचा निकाल बहुधा वेतनाच्या रकान्यात लागला, एवढेच येथे नोंदवितो.

५. एकाच छपराखाली दोन शिड्या

आता ज्या गोष्टीविषयी मला विशेष बोलावयाचे आहे तिच्याकडे येतो.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीस व मडगावास महाविद्यालये निघाली. ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले. या संस्थांत शिकविणाऱ्यांचे वेतन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशींनुसार ठरते. आयोग दर सुधारणेच्या वेळी समिती नेमतो: १९७३ ची सेन समिती, १९८६ ची मेहरोत्रा समिती, १९९६ ची रस्तोगी समिती, २००६ ची चढ्ढा समिती, २०१६ ची चौहान समिती. राज्यांनी ही वेतनमाने स्वीकारावीत म्हणून वाढीव खर्चाचा ८० टक्के भाग केंद्राने काही वर्षे उचलावा, अशी रीत होती. शेवटच्या खेपेस तो भाग ५० टक्क्यांवर आला. शिक्षकांनी हे सर्व आयते मिळविले असेही नाही. १९८७ मध्ये त्यासाठी देशभर संप झाला होता.

परंतु त्याच महाविद्यालयातील कारकून, ग्रंथालयातील मदतनीस, प्रयोगशाळेतील परिचर आणि शिपाई यांच्यासाठी ही समिती नसते. त्यांचे वेतन सामान्य सरकारी नोकरांच्या श्रेणीनुसार ठरते. म्हणजे एकाच छपराखाली दोन शिड्या. एकीला विद्वानांची समिती, दुसरीला वेतन आयोगाच्या अहवालातील एक तळटीप.

मी कारकून आहे, म्हणून आपल्या वर्गाची कैफियत मांडतो आहे असे कोणी म्हणेल. म्हणून केवळ आकडे देतो. १९८६ मध्ये शिपायाचा आरंभ ७५० रुपयांवर, कनिष्ठ कारकुनाचा ९५० वर, अधिव्याख्यात्याचा २,२०० वर आणि प्राध्यापकाचा ४,५०० वर होता. २०१६ च्या रचनेत हेच आकडे अनुक्रमे १८,०००, १९,९००, ५७,७०० आणि १,४४,२०० आहेत. आता भागाकार करून पाहा. १९८६ मध्ये प्राध्यापकाचा आरंभ शिपायाच्या सहापट होता. २०१६ मध्ये तो आठपट झाला. अधिव्याख्यात्याचा आरंभ कारकुनाच्या सुमारे सव्वादोन पट होता. तो जवळजवळ तिप्पट झाला. आणि कारकुनाला शिपायापेक्षा जे सत्तावीस टक्के अधिक मिळत होते ते जेमतेम अकरा टक्क्यांवर आले. विद्येचा मान वाढला, यात मला आनंदच आहे. पण तो वाढताना कचेरीतील खुर्ची दरवाजाजवळच्या स्टुलाकडे सरकत गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

६. वेंगुर्ल्यापलीकडचे डच

अन्यत्र कशी व्यवस्था आहे, हे पाहावयाचे तर एक उदाहरण मला अनपेक्षितपणे मिळाले. आमच्या नात्यातील एक मुलगी नेदरलँड्समधील विद्यापीठात पीएच. डी. करते. डच म्हटले की आम्हा पेडणेकरांना तेरेखोलपलीकडच्या वेंगुर्ल्यातील त्यांची सतराव्या शतकातील वखार आठवते. त्यांची विद्यापीठे आठवत नाहीत. तिने सांगितले, "आजोबा, मला विद्यावेतन नाही, पगार आहे." मला ते आधी कळेना. आपल्याकडे संशोधक विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. कनिष्ठ संशोधकासाठी ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि ती वेळेवर आली तर तो नशीबवान. डच विद्यापीठात मात्र बहुतेक पीएच. डी. संशोधक हे विद्यापीठाचे कर्मचारी असतात. त्यांच्यासाठी वेगळी श्रेणी असते, दरवर्षी पायरी चढते, आणि निवृत्तिवेतनासाठी कपातही होते.

मग मी तिच्याकडून त्यांची सर्व रीत समजून घेतली. तेथील सार्वजनिक विद्यापीठांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटना एकत्र बसून एक सामूहिक करार करतात. ठरावीक मुदतीने तो नवा होतो आणि कोणालाही वाचावयास मिळतो. त्यात एक ते अठरा अशा वेतनश्रेणी व प्रत्येकीत पायऱ्या आहेत. कोणत्या कामाला कोणती श्रेणी, हे पदनामावरून ठरत नाही. कामाच्या जबाबदारीचे वर्णन करून ठरवितात. साहाय्यक प्राध्यापकाला समजा अकरावी किंवा बारावी श्रेणी, तर तितकीच जबाबदारी असलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्यालाही तीच. पूर्ण प्राध्यापकांसाठी दोन वेगळ्या श्रेणी आहेत, परंतु त्याही त्याच करारात. वार्षिक सुट्टीभत्ता आठ टक्के आणि वर्षअखेरची रक्कम ८.३ टक्के, ही टक्केवारी प्राध्यापकालाही तीच आणि कचेरीतील मदतनिसालाही तीच. शिडी एक; उभे राहण्याच्या पायऱ्या वेगळ्या.

तेथे सर्व आलबेल आहे असे समजू नये. शिकविणारे अनेकजण मुदतीच्या करारावर असतात, कायम होण्याची वाट पाहत त्यांची उमेदीची वर्षे जातात. सरकारने खर्चात कपात केल्यामुळे २०२५ मध्ये तेथील विद्यापीठांत संप झाले. लायडनचे विद्यापीठ १५७५ मध्ये स्थापन झाले तेव्हा एका मठाच्या जप्त केलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून त्याचा खर्च भागविला गेला होता. म्हणजे विद्येला उत्पन्नाचे साधन शोधावे लागणे ही गोष्ट त्यांनाही नवी नाही. तरीही प्राध्यापक आणि कारकून यांनी एकाच टेबलाशी बसून एकाच कागदावर आपले वेतन ठरवून घ्यावे, ही कल्पना मला विचार करण्याजोगी वाटली.

७. नवा शेणैमाम

आपल्याकडे मात्र एक जुनी गोष्ट नव्या नावाने परत आली आहे. तिला आपण 'लेक्चर बेसिस' म्हणतो. महाराष्ट्रात तासिका तत्त्व म्हणतात. पात्रता पूर्ण असलेला, नेट-सेट उत्तीर्ण झालेला तरुण महाविद्यालयात तासाच्या हिशेबाने शिकवितो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अशा पाहुण्या व्याख्यात्यांसाठी दर तासाला १,५०० रुपये व महिन्याला कमाल ५०,००० अशी शिफारस केली. कमाल मर्यादाच कायम शिक्षकाच्या आरंभीच्या मूळ वेतनाहून कमी. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. वार्षिक वाढ नाही. पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही ठाऊक नाही. पीक बुडाले की मास्तर बुडे, असे मी आरंभी म्हटले. आज विद्यार्थीसंख्या घटली की तो बुडतो. फरक एवढाच की जुन्या शेणैमामाला निदान पाळीचे जेवण होते.

निवृत्तिवेतनही बदलले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरांसाठी अंशदानाची योजना आणली आणि पुढे गोव्यातही ती लागू झाली. आठव्या वेतन आयोगाची घोषणा २०२५ च्या जानेवारीत झाली आहे. त्यामुळे आता पुन्हा भागाकार-गुणाकार सुरू होतील. ते करताना ज्यांची नावे कोणत्याच शिडीवर नाहीत त्यांची आठवण कोणीतरी ठेवावी.

८. एक शेरा

आता शेवटी गुरुजींकडे येतो, आणि एक गोष्ट कबूल करतो.

१९९० मध्ये गुरुजी निवृत्त झाले. त्या वेळी पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांची सेवा लागे. १९६३ पासून मोजली तर गुरुजींची सेवा २७ वर्षे भरली. म्हणजे सरासरी वेतनाच्या निम्म्या रकमेचे २७/३३. निम्म्याऐवजी सुमारे ४१ टक्के. त्यांनी अर्ज केला की १९५३ पासूनची सेवा धरावी. सोबत ती लांबट वही जोडली होती आणि गावातील काही वृद्धांच्या सह्या होत्या. ते प्रकरण ज्या टेबलावर आले, ते टेबल माझे होते.

मी वही पाहिली. माझ्या वडिलांचे नाव तीत होते. त्यापुढे तीन वर्षे सलग रेघ होती.

नियम मला पाठ होता. खाजगी शाळेतील, नेमणूकपत्र नसलेली, सरकारी तिजोरीतून वेतन न मिळालेली सेवा धरता येत नाही. पोर्तुगीज सरकारच्या नोकराची सेवा धरता येते, त्यासाठी कायदा आहे. मराठीचे चार अक्षर शिकविणाऱ्याची येत नाही, कारण त्यासाठी कायदा नाही. मी शेरा लिहिला : 'पुरावा नाही. नियमात बसत नाही.' आणि कागद पुढे पाठविला. नियमाप्रमाणे तो शेरा बरोबर होता. आजही कोणी ते प्रकरण माझ्यापुढे ठेवले तर कदाचित मला तोच शेरा लिहावा लागेल. पण त्याखाली आणखी एक ओळ लिहिता आली असती, की अशा शिक्षकांसाठी नियमात बदल व्हावा म्हणून हे प्रकरण वरिष्ठांच्या विचारार्थ ठेवावे. ती ओळ मी लिहिली नाही. ती लिहिण्याचे मला सुचलेही नाही, हे अधिक वाईट.

काही महिन्यांनी गुरुजी मला देवळाच्या आवारात भेटले. मी चाचरत काहीतरी बोलू लागलो. ते म्हणाले, "अरे, तुझा हिशेब बरोबर आहे. मीच तुला हिशेब शिकवला." एवढे बोलून त्यांनी घरची चौकशी केली आणि ते निघून गेले. त्यांच्या बोलण्यात उपरोध होता की नाही, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही.

श्रोतेहो, शिक्षकाच्या वेतनाचा इतिहास म्हणजे समाजाने आपले ऋण मोजण्याच्या पद्धतींचा इतिहास. मूठ, कुडव, अक्षर, श्रेणी, स्तर, तास : मापे बदलली. प्रत्येक मापाने काही माणसे मोजली गेली आणि काही मापाबाहेर राहिली. ओसरीवरच्या मास्तराला मोजणारे माप सरकारजवळ नव्हते. परंतु गावाजवळ होते, आणि गावानेही ते नीट जपले नाही. या व्याख्यानमालेच्या निमित्ताने माझी शाळेला एक विनंती आहे. ज्या घरांत अशा जुन्या वह्या, पावत्या, मास्तरांची पत्रे असतील, त्यांनी ती शाळेकडे द्यावीत. त्यांचे एक कपाट येथे असावे. आणि दुसरी विनंती माझ्यासारख्या कचेरीतील मंडळींना. शेरा नियमाप्रमाणेच लिहा. परंतु त्याखाली एक ओळीची जागा मोकळी असते, ती विसरू नका.

गुरुजींच्या वहीतील रेघ मी आज पुसू शकत नाही. तिचा उच्चार सर्वांसमक्ष करणे एवढेच माझ्या हाती होते.